रेफरीशी कसं वागायचं हे पण ट्रेनिंगमध्येच शिकवायला हवं

लहान मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या कुठल्याही कोचची वही उघडून बघा, त्यात फर्स्ट टच असतो, पासिंगची ड्रिल्स असतात, कॉर्नरला कोणी कुठे उभं राहायचं ते असतं, सगळं असतं. पण शिट्टी आपल्या विरुद्ध वाजली की पुढच्या दोन-तीन सेकंदांत काय करायचं हे मात्र त्या वहीत सहसा सापडत नाही. ते आपण संस्कारांवर सोडून देतो, घरी शिकवलं असेल तर येईल नाहीतर नाही. मला हे अजिबात पटत नाही. रेफरीचा मान राखणं, हरल्यावर नीट हात मिळवणं, समोरच्या टीमचा पोरगा पडला तर त्याला उठवणं, ह्या सगळ्याची प्रॅक्टिस घ्यावी लागते, जशी पासिंगची घेतो तशीच, दर आठवड्याला. सीझनच्या सुरुवातीला एकदा भाषण ठोकलं की झालं असं होत नाही.

आधी पोरं नक्की कुठे बघतात ते सांगतो. नऊ-दहा वर्षांचा डिफेंडर आहे, त्याने टॅकल केलं, त्याच्या मते पाय बॉललाच लागलाय, तेवढ्यात शिट्टी वाजते आणि रेफरी हात दुसऱ्या बाजूला दाखवतो. पोरगा दोन्ही तळहात उघडे करून उभा राहतो आणि मग त्याची मान वळते ती टचलाइनकडे, म्हणजे ग्राउंडच्या लांबीच्या बाजूच्या रेषेकडे, तिथे उभ्या असलेल्या कोचकडे. प्रत्येक मॅचला लक्ष ठेवून बघा, रेफरीकडे बघायच्या आधी तो कोचकडे बघतो. आता त्या क्षणी कोचने हात हवेत फेकले, किंवा नुसतं कपाळाला हात लावून शेजारच्या असिस्टंटकडे बघितलं तरी त्याला उत्तर मिळालं, की आपल्यावर अन्याय झालाय. मग तो तिथेच कुरकुरत राहतो, फ्री किक होऊन जाते, त्याचा माणूस मोकळा सुटलेला असतो आणि गोल तिथूनच होतो. तेच कोचने शांतपणे "सात नंबर, सात नंबर घे" एवढंच ओरडून सांगितलं तर पोरगा पळत जाऊन सात नंबरला धरतो, आणि दहा सेकंदांनी तो फाउल त्याच्या डोक्यात पण नसतो. म्हणजे नुसता चांगुलपणा म्हणून नाही, खेळ म्हणून सुद्धा हेच फायद्याचं आहे, आणि हे पोरांना सांगितलं की त्यांना लगेच कळतं कारण गोल कसा बसला ते त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

मी टचलाइनवर एक नियम पाळतो: शिट्टी वाजली की माझं पुढचं वाक्य आमच्या खेळाडूसाठीच असणार, आणि ते पुढच्या बॉलबद्दलच असणार. बाकी मनात काय चाललंय ते मनातच. सोपं नाहीये, मला माहितीये.

आता बाहेरून आपल्याला दिसतं काय हा पण एक प्रश्न आहेच. ऑफसाइड घ्या, म्हणजे पास सुटला तेव्हा पुढचा खेळाडू समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्याही पुढे गोलकडे होता का ते. ऑफसाइड बरोबर दिसायचं असेल तर शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत उभं राहावं लागतं, असिस्टंट रेफरी त्यासाठीच टचलाइनवर पुढे-मागे पळत असतो. ती रेषा थोडी जरी सुटली तरी जवळचा आणि लांबचा खेळाडू एकमेकांच्या पुढे-मागे सरकलेले दिसायला लागतात. २००० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 'नेचर' मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की ट्रेनिंग घेतलेल्या लाइन्समनच्या चुका सुद्धा बऱ्याच प्रमाणात ह्या बघण्याच्या कोनामुळे होतात. मग अर्ध्या ग्राउंडच्या आसपास उभा राहणारा कोच आणि कॉर्नरजवळ मोबाइलवर शूटिंग करत असलेले पालक ह्यांना काय दिसत असेल? आणि लहान मुलांच्या मॅचला तर खूपदा असिस्टंट रेफरी नसतातच, एकटा माणूस शिट्टी घेऊन सगळीकडे पळत असतो, ऑफसाइड पण त्यानेच बघायचं, मागे कोणी कोणाचा शर्ट ओढला ते पण त्यानेच.

त्यात नियमच माहीत नसतात. बॉल हाताला लागला की अख्खी टचलाइन "हँड हँड" ओरडते, पण हाताला लागलेला प्रत्येक बॉल फाउल नसतो, हात कुठे होता, शरीर मोठं करत होता का, मुद्दाम होतं का, हे सगळं बघावं लागतं. थ्रो-इनवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतं, गोल किक आणि कॉर्नरला पण नसतं, तरी ओरडतात. बॉल रेषेवर अर्धा बाहेर दिसला की "आउट!", पण पूर्ण बॉल पूर्ण रेषेच्या पार गेल्याशिवाय आउट होत नाही. नियम बदलतात पण, गोल किकचा बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर जायलाच हवा ही अट २०१९ मध्ये काढली, तरी अजून लोक त्यावर भांडताना दिसतात. नियम सतराच आहेत हो, ते ठरवणाऱ्या आयफॅब ह्या संस्थेच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात. कोच म्हणून उभं राहायचं असेल तर एक संध्याकाळ बसून ते वाचलेच पाहिजेत, आणि आपल्या वयोगटाचे वेगळे नियम काय आहेत ते पण, कारण अगदी छोट्या पोरांच्या मॅचला कुठे ऑफसाइडच नसतं, कुठे हेडिंगला परवानगी नसते.

त्यातला पाचवा नियम रेफरीचा आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की खेळात जे घडलं त्याबद्दल, म्हणजे गोल झाला की नाही आणि मॅचचा निकाल काय इथपर्यंत, रेफरीचा निर्णय अंतिम, आणि त्याचा कायम मान राखायचा. हे असं का झालं त्याचा थोडा इतिहास पोरांना सांगायला मला आवडतं. सुरुवातीच्या काळात दोन्ही टीम आपापला एकेक अंपायर आणायच्या, खेळाडूंनी अपील केलं तरच निर्णय व्हायचा आणि त्या दोघांचं पटलं नाही तर बाहेर उभ्या असलेल्या रेफरीला विचारायचे. मग १८९१ मध्ये रेफरी ग्राउंडच्या आत आला, अंपायर लाइन्समन झाले, आणि त्याच वर्षी पेनल्टी पण आली. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापल्या माणसाकडून निर्णय करून घेता येईना, म्हणून कुणाचाच नसलेला एक माणूस मध्ये उभा केला. पोरांना विचारायचं, तुम्ही रेफरीशिवाय आपले आपण खेळता तेव्हा किती वेळ खेळता आणि किती वेळ भांडता? सगळे हसतात, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं. पिवळं आणि लाल कार्ड तर १९७० च्या वर्ल्ड कपपासून आलं, केन अ‍ॅस्टन नावाच्या इंग्लिश रेफरीला ट्रॅफिक सिग्नल बघून सुचलं, कारण १९६६ च्या इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमध्ये कोणाला वॉर्निंग मिळाली आणि कोणाला बाहेर काढलं ह्यावरून फार गोंधळ झाला होता. कार्ड हा अपमान नसतो, सगळ्यांना एकाच वेळी कळावं म्हणून दाखवलेली खूण असते, एवढं पोराला समजलं तरी कार्ड मिळाल्यावर त्याचं रडणं पुष्कळ कमी होतं.

पण मला जे सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच आहे. मुलांच्या मॅचला शिट्टी घेऊन जो उभा असतो तो खूपदा स्वतःच चौदा-पंधरा वर्षांचा असतो. नुकताच कोर्स केलेला, शर्ट अजून नवा, घड्याळ दोन-दोनदा बघणारा. आपण आपल्या बारा वर्षांच्या मिडफिल्डरला चुकीचा पास गेला तर म्हणतो "काही हरकत नाही, शिकतोय अजून", आणि त्याच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या पोराला त्याच ग्राउंडवर चाळीस-चाळीस वर्षांची माणसं ओरडतात. तो पण शिकतोयच की! तो काही उत्तर देत नाही, मान खाली घालतो, पुढचे दोन फाउल घाबरून देतच नाही, मग खेळ धसमुसळा होतो, मग आपण अजून ओरडतो, आणि पुढच्या सीझनला तो पोरगा शिट्टी हातात घेत नाही. मग रेफरी मिळत नाहीत म्हणून तक्रार करणारे पण आपणच असतो.

आणि हे फक्त ओरडण्यापर्यंत थांबतं असं पण नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये नेदरलँड्सच्या अल्मेरे शहरात मुलांच्या मॅचनंतर एका लाइन्समनला समोरच्या टीमच्या पोरांनी मारलं. तो ४१ वर्षांचा होता, पोटचा मुलगा त्याच मॅचमध्ये खेळत होता म्हणून हौसेने झेंडा घेऊन उभा राहिलेला बाप होता, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सहा टीनएजर मुलं आणि त्यातल्याच एकाचे वडील दोषी ठरले. त्यानंतरच्या वीकएंडला त्या देशातल्या सगळ्या हौशी मॅचेस रद्द केल्या होत्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेत युटामध्ये सतरा वर्षांच्या मुलाने पिवळं कार्ड मिळालं म्हणून रेफरीला ठोसा मारला आणि आठवड्याभराने तो रेफरी गेला. प्रत्येक ओरडणारा बाप तिथपर्यंत जातो असं मी म्हणत नाहीये, पण अल्मेरेच्या त्या केसमध्ये पोरांबरोबर बाप पण होता ही गोष्ट मी विसरू शकत नाही, आणि कोणत्याही पालक मीटिंगमध्ये मी ती सांगतोच, आवाज न चढवता.

बरं, मग काय केलं तर फरक पडतो? इंग्लंडमध्ये हौशी फुटबॉलला रेफरीशी हुज्जत घातली की दहा मिनिटं बाहेर बसवायची पद्धत आधी काही लीगमध्ये करून पाहिली, तिथे हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी कमी झालं आणि मग २०१९-२० पासून ती सगळीकडे लागू केली. त्याच वर्षी नियमांत अजून एक बदल आला, कोचला पण कार्ड दाखवता येतं, आणि बेंचवरून कोण ओरडलं ते कळलं नाही तर कार्ड सिनियर कोचच्या नावावर जातं. मला हा नियम फार योग्य वाटतो, बेंचची जबाबदारी माझीच आहे. आणि २०२४ च्या युरो कपला फक्त कॅप्टननेच रेफरीशी जाऊन बोलायचं असं ठरवलं होतं, बाकी कोणी घोळका केला तर पिवळं कार्ड, कॅप्टन गोलकीपर असेल तर पुढचा एक खेळाडू आधीच नेमून द्यायचा.

हा कॅप्टनवाला नियम लहान मुलांच्या टीमला जशाच्या तसा लावता येतो आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी तोच आहे. फक्त कॅप्टन दर मॅचला बदलायचा, म्हणजे प्रत्येक पोराला कधी ना कधी रेफरीशी बोलावं लागतं, आणि काय बोलायचं ते आधी ट्रेनिंगला पाठ नाही पण सराव करून घ्यायचा. बॉल डेड असतानाच, म्हणजे खेळ थांबलेला असतानाच जायचं, हातभर अंतर ठेवायचं, हात खाली, "सर, तो फाउल कशासाठी होता, म्हणजे मी टीमला सांगतो." एवढंच. उत्तर मिळालं की "थँक्यू सर" आणि परत जागेवर. लाजरी पोरं सुरुवातीला पुटपुटतात, पण नंतर तीच पोरं सगळ्यात छान बोलतात, आणि रेफरी पण अशा कॅप्टनला थांबून नीट समजावून सांगतो हे मी खूप वेळा बघितलंय.

दुसरी गोष्ट, ट्रेनिंगच्या प्रॅक्टिस मॅचमध्ये मी मुद्दाम चुकीचे निर्णय देतो. पोरांना आधी सांगून ठेवतो की आज मध्येच काहीतरी उलटं देणार आहे, कधी ते सांगणार नाही. मग सरळसरळ त्यांचा थ्रो-इन समोरच्यांना देऊन टाकतो, आणि बघतो की पाच सेकंदांत कोणती टीम परत आपापल्या जागेवर उभी आहे. जी टीम पटकन सेट झाली तिचं कौतुक करायचं, निर्णयाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पोरांना ह्यात भारी मजा येते कारण हा खेळातला खेळ होतो. आणि त्याच मॅचमध्ये आलटून पालटून शिट्टी पोरांच्याच हातात द्यायची. एक मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा, एरवी प्रत्येक फाउलला हात पसरणारा, त्याला मी शिट्टी दिली. बॉल दोघांच्या पायाला लागून बाहेर गेला, दोन्ही बाजूंची पोरं एकदम "आमचा, आमचा" ओरडली, त्यातला एक तर त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. शिट्टी तोंडात, गाल फुगलेले, डोळे एकदा इकडे एकदा तिकडे, आणि वाजवूनही हात कुठे करायचा ते त्याला कळेना. शेवटी त्याने मित्राच्या विरुद्ध दिला आणि मित्र त्याला ओरडला. पाणी प्यायला आल्यावर तो मला म्हणाला, "सर, खरंच दिसलं नव्हतं मला, मग काय करायचं?" मी म्हटलं जे दिसलं त्यावर ठाम राहायचं आणि पुढचा नीट बघायचा, रेफरी पण तेच करतात. त्यानंतर मॅचमध्ये बॉल बाहेर गेला की तो स्वतःहून आणून रेफरीच्या हातात द्यायला लागला. मी त्याला हे कधीच शिकवलं नव्हतं.

लोक विचारतात, मग रेफरी धडधडीत चुकला तरी गप्पच बसायचं का? नाही. पोरांशी खोटं बोलायचं नाही, ही माझ्यासाठी पहिली गोष्ट. गोल होता आणि दिला नाही तर हाफटाइमला मी सांगतो, हो, मला पण बॉल आत गेल्यासारखा वाटला, पण निर्णय झालाय आणि आपल्याकडे अजून अर्धी मॅच आहे. निर्णय पटला नाही तरी मान राखता येतो, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. पण पोरांच्या अंगावर येणारा खेळ चाललाय, मागून टॅकल होतायत आणि शिट्टी वाजत नाहीये, तर तिथे बोलायलाच पाहिजे. कसं, तर बॉल डेड असताना किंवा हाफटाइमला, एकट्याने जाऊन, "सर, मागून येणाऱ्या टॅकल्सकडे जरा लक्ष ठेवाल का, दोघांना लागलंय." पेनल्टीचा विषय काढायचाच नाही त्यात, फक्त सुरक्षिततेचा. आणि खरंच काही गंभीर असेल तर मॅच संपल्यावर, रात्री डोकं शांत झाल्यावर, लीगला लेखी कळवायचं, त्यासाठीच ती सोय असते. पोरांसमोर नाही.

खिलाडूवृत्तीच्या गोष्टी सांगताना मी मोठ्या खेळाडूंचे किस्से घेतो पण निष्कर्ष सांगत नाही, पोरांनाच वाद घालू देतो. १९९७ मध्ये आर्सेनलविरुद्ध लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरला पेनल्टी मिळाली, तो उठून रेफरीला हाताने सांगत होता की गोलकीपरने मला पाडलं नाही, रेफरीने ऐकलं नाही, मग पेनल्टी त्यानेच घेतली, ती गोलकीपरने अडवली आणि रिबाउंडवर लिव्हरपूलचाच गोल झाला. ह्यावर पोरं अर्धा तास भांडतात, त्याने मुद्दाम हळू मारली का, मारायला हवी होती का, रेफरीने ऐकायला हवं होतं का. २०१२ मध्ये लाझिओच्या क्लोजेने नापोलीविरुद्धचा गोल आपल्या हाताला लागून गेला हे रेफरीला स्वतः सांगितलं आणि गोल रद्द झाला. मला सगळ्यात मोठा वाटतो तो लीड्सचा कोच बिएल्साचा किस्सा, २०१९ मध्ये लीड्सने समोरच्या अ‍ॅस्टन व्हिलाचा खेळाडू खाली पडलेला असताना गोल मारला, ग्राउंडवर धक्काबुक्की झाली, आणि बिएल्साने आपल्या टीमला सांगितलं की त्यांना एक गोल मारू द्या. त्याच्याच एका डिफेंडरने तरी अडवायचा प्रयत्न केला! मॅच १-१ सुटली आणि लीड्सची थेट वरच्या लीगमध्ये जायची शक्यता त्याच बरोबरीने संपली, पुढे वर जायच्या उरलेल्या जागेसाठीच्या प्लेऑफमध्ये पण ते हरले. एवढी किंमत होती. "तुम्ही तो डिफेंडर असता तर?" असं विचारलं की वर्गात पहिल्यांदा शांतता होते.

समोरच्या टीमचा मान राखणं म्हणजे आपण सहा-शून्यने पुढे असताना काय करतो ते पण. इथे एक चूक चांगल्या मनाचे कोच सुद्धा करतात, पोरांना ओरडून सांगतात "आता गोल मारू नका, नुसते पास करा", आणि ते समोरच्या टीमला ऐकू जातं, मग ती पोरं बॉलच्या मागे नुसती पळत राहतात. ते गोल खाण्यापेक्षा जास्त लागतं. त्यापेक्षा हळूच जागा बदलाव्यात, स्ट्रायकर मागे, डिफेंडर पुढे, ज्याने कधी गोल मारला नाही त्याला संधी, दुबळ्या पायानेच शॉट, आणि हे सगळं करताना कानात सांगायचं. खेळ खराच राहायला हवा.

पालकांसाठी माझं एवढंच सांगणं असतं की टाळ्या वाजवा, नावं घ्या, "मस्त ट्राय" म्हणा, पण रेफरीशी बोलायचं काम माझं आणि कॅप्टनचं आहे. कोणी सुरू केलंच तर माझा असिस्टंट जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहतो आणि मॅचबद्दल गप्पा मारतो, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं. घरी जाताना गाडीत रेफरीचा विषय काढू नका ही विनंती मात्र मी हात जोडून करतो, कारण ग्राउंडवर पोरगा विसरलेला असतो आणि गाडीत त्याला परत आठवण करून दिली जाते.

ह्या सीझननंतर आमची मोठी पोरं चौदा पूर्ण करतायत, त्यातल्या काहींना पहिल्या टीममध्ये जागा मिळणार नाही हे त्यांना पण माहितीये. त्यातल्या दोघांनी रेफरी कोर्सबद्दल विचारलंय, एक तोच शिट्टीवाला. मी दोघांची नावं देणार आहे, आणि त्यांच्या सुरुवातीच्या मॅचेसना जाऊन टचलाइनवर उभा राहणार आहे, कोच म्हणून नाही, त्यांच्या बाजूचं कोणीतरी एक असावं म्हणून. आपापल्या टीममधल्या अशा पोरांना बाकीच्या कोचेसनी पण विचारून बघावं, बऱ्याच जणांना विचारलं जाईपर्यंत हे सुचलेलंच नसतं.